सुलाची तहान

सुलाच्या पलंगाशेजारचा लोखंडी स्टँड डॉक्टर मधाळेंनी स्वतः उचलला आणि वॉर्डाबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला. स्टँडवर सलाईनची बाटली तशीच लटकत होती. अर्ध्याच्या वर भरलेली. व्हरांड्यात माझा थोरला भाऊ अण्णाप्पा उभा होता. बाटली पुढ्यातून गेली तशी त्याची मान तिच्याबरोबर वळली.

"बाटली काढली," तो म्हणाला. "म्हंजे आशा सोडली ह्यांनी."

आशा सोडली नव्हती. सुला वाचावी म्हणूनच बाटली काढली होती. पण हे अण्णाला समजावून सांगणं माझ्याकडं आलं, आणि कुणाला काही समजावून सांगणं मला जन्मात जमलेलं नाही. घरातले माग अण्णा चालवायचा. मी शहापुरातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो. मागांचा खडखडाट सोसत नाही म्हणून हा पुस्तकांत जाऊन लपला, असं घरात म्हणत. ते फारसं खोटं नव्हतं.

ही गोष्ट १९८४ सालची. सुला माझी बायको. बेळगावालगतच्या वडगावातल्या आमच्या घरी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, स्वयंपाक बघायची, आणि माझ्या वाटचं भांडणही तीच भांडायची. गणपतीच्या दिवसांत तिला ताप आणि खोकला सुरू झाला. तो न्यूमोनिया होता, हे नंतर कळलं. तेव्हा कळलं ते इतकंच, की तिला अशक्तपणा आला आहे आणि बाटली लावली पाहिजे.

आमच्या गल्लीत त्या काळी आजाऱ्याची विचारपूस करायची एक रीत होती. ताप किती आहे, औषध कसलं चालू आहे, असं कुणी विचारत नसे. बाटली लावली का, असं विचारत. लावली म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. बाटली लावणारा डॉक्टर चांगला. नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवणारा कुचकामी. गल्लीतल्या डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. आपण नाही लावली तर पेशंट उठून पलीकडच्या दवाखान्यात जातो, मग आपणच का लावू नये? अण्णानं त्यांना सांगितलं, दोन बाटल्या चढवा, तरतरी येऊ दे. त्यांनी चढवल्या. दुसऱ्या दिवशी परत चढवल्या. नंतर तर अण्णाला सांगावंही लागलं नाही.

सुलाचा चेहरा भरला. हातापायांना गोलाई आली. बघायला येणाऱ्या बायका म्हणाल्या, अंग धरलं की गं. माझ्या सासूबाई सोनुबाई संकेश्वराहून आल्या होत्या. लेकीचा भरलेला चेहरा बघून त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढली. ती सूज होती. पाणी तिच्या कातडीखाली, तिच्या पायांत, तिच्या फुप्फुसांत भरत होतं आणि आम्ही तिची दृष्ट काढत होतो. इतकी वर्षं झाली, पण हे आठवलं की अजून माझ्या कानशिलात ठणका लागतो. राग नक्की कुणाचा, ते मला सांगता येत नाही. दृष्ट काढणाऱ्या आईवर काय रागवायचं? गल्लीतल्या डॉक्टरांवर मात्र येतो. त्यांनी पुस्तकं वाचली होती.

एका सकाळी सुलाला श्वास पुरेना. ओठ निळे पडले. भाड्याच्या मोटारीत घालून तिला बेळगावातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं श्वासाचं यंत्र होतं. डॉक्टर कृष्णात मधाळेंनी तिच्या तोंडातून घशात नळी घातली, ती यंत्राला जोडली, नाकातून दुसरी नळी पोटात सोडली, आणि मग पहिलं काम केलं ते बाटलीचा स्टँड बाहेर नेऊन ठेवायचं.

मधाळे निपाणीकडचे. वयानं माझ्याहून लहान, बुटके, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघणारे. त्यांनी मला वॉश-बेसिनपाशी नेलं, खिशातला रुमाल काढला आणि माझ्या तोंडासमोर ताणून धरला. फुंकर मारा म्हणाले. मी मारली. पलीकडं धरलेल्या माझ्या तळहाताला वारं लागलं. मग त्यांनी तोच रुमाल नळाखाली भिजवला, पुन्हा ताणला. मी गाल दुखेपर्यंत फुंकलं. तळहाताला काही लागलं नाही.

"तिच्या फुप्फुसांचं हे झालंय," ते म्हणाले. "यंत्र हवा ढकलतंय, पण ओल्या कापडातनं."

न्यूमोनियानं फुप्फुसातल्या बारीक शिरा झिरपायला लागल्या होत्या. वरून जितकं पाणी घालावं तितकं ते झिरपून आत उतरत होतं. मग पाणी अगदीच तोडायचं का, असं मी विचारलं. तेही नाही, ते म्हणाले. फार तोडलं तर रक्तदाब पडेल, मूत्रपिंडं बसतील आणि ती त्यानं जाईल. औषधापुरतं शिरेतून, पोटापुरतं नळीतून, आणि लघवीचं इंजेक्शन देऊन रोज आत जाईल त्याहून थोडं जास्त बाहेर काढायचं. थोडंच. घाई केली तरी घात, ढिलाई केली तरी घात. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, त्यातला एक पेलासुद्धा त्यांच्या नजरेआड होता कामा नये.

मला ते पटलं. कापडात जन्म गेलेल्या घरातला मी. ओलं कापड मला कळत होतं. अण्णालाही कळायला हवं होतं. मी व्हरांड्यात जाऊन त्याला रुमालाची गोष्ट सांगितली. माझी सांगायची पद्धत चुकली असेल. तो म्हणाला, माणूस काय धोतर हाय, पिळून वाळत घालायला?

पण सुला सुधारत होती. पायांवरची सूज उतरली. बोटातली अंगठी पुन्हा फिरू लागली. यंत्रातला ऑक्सिजन मधाळेंनी थोडा कमी केला. आणि शुद्ध येऊ लागली तशी तिला तहान लागली.

मला त्याबद्दल लिहायचंच आहे, कारण बाकीच्या सगळ्यांनी त्याबद्दल बोलून घेतलं आणि तिथं उभा मी होतो. नळ्या उपसू नयेत म्हणून तिचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. बांधलेल्या हाताचा अंगठा ती ओठांच्या दिशेनं वर करायची. पाणी. मला फक्त ओल्या कापसानं ओठ पुसायची परवानगी होती. मी कापूस टेकवला की ती नळीच्या कडेनं तो जिभेनं ओढायला बघायची आणि मी तो काढून घ्यायचा. पुन्हा अंगठा. मी मान हलवून नाही म्हणायचं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. विनवणी नव्हती. राग होता.

भेटीची वेळ दुपारची. सासूबाई पिशवीतून शहाळी आणायच्या. गल्लीतल्या बायका यायच्या. कुणी गुंजीच्या पाहुण्यांनी दिलेला मध आणायची, कुणी बनशंकरीचं तीर्थ. मी सगळ्यांना सांगायचो, काही द्यायचं नाही. सासूबाई माझ्याकडं न बघता सुलाचे पाय चेपत बसायच्या.

"पाणी मागणाऱ्याला न्हाय म्हणू ने, जावईबापू," एकदा त्या म्हणाल्या. "वैऱ्यानं मागितलं तरी देत्यात. ही तर माझ्या पोटची हाय."

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्या पाय चेपत राहिल्या.

वॉर्डात सिस्टर कमी. त्यामुळं नाकातल्या नळीतून दूध घालायचं काम नातेवाइकांना शिकवत. सिस्टर मापून दूध द्यायच्या, सासूबाई मोठ्या सिरिंजनं ते हळूहळू सोडायच्या. फार लवकर शिकल्या त्या. सिस्टरांनी त्यांचं कौतुक केलं होतं.

त्याच सुमारास अण्णानं मारुतीरावांना आणलं. मारुतीराव निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, या दवाखान्याच्या ट्रस्टींपैकी एक. अंगानं भारी, आवाजानं मऊ. त्यांनी दाराच्या काचेतून आत बघितलं. मधाळे सुलावर वाकून तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते.

"ह्यो आमच्या बायाक्काचा पोरगा," मारुतीराव म्हणाले. आवाजात अभिमान होता, आपल्या गोठ्यातल्या खोंडानं शर्यत मारल्यासारखा. "माझ्या वखारीत तंबाखू चाळायची त्याची आई. हुशार निघालं पोरगं. पन जरा ताठ हाय."

वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायाक्काचा पोरगा म्हणजे कोण, हे अण्णाला वेगळं सांगावं लागलं नाही. मधाळे हे आडनाव त्याला इतके दिवस नुसतं आडनाव वाटलं होतं. दुपारी आम्ही दवाखान्यासमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. गल्लीतले दोघे-तिघे होते.

"आत्ता कळलं मला," अण्णा म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या आपण ह्यास्नी पाणी वरनं वाढलं. आज आपल्या घरची बाई घावली हातात. तोडतोय पाणी. सूड घेतोय बेटा."

तो हसला. बाकीचेही हसले. ते विनोदानंच घेतलं सगळ्यांनी, आणि त्यातच त्याचं विष होतं. विनोद म्हणून तो हॉटेलातून गल्लीत गेला, गल्लीतून सोनुबाईंच्या कानावर गेला, आणि तिथं पोचेपर्यंत तो विनोद राहिला नाही.

मला राग यायला वेळ लागतो. आला तरी तो तोंडापर्यंत येईतो समोरचा माणूस उठून गेलेला असतो. मी चहाचा पेला खाली ठेवला. पेला बशीत वाजला. शाळेत परत जाऊन पुस्तकांवर शिक्के मारत बसलो आणि प्रत्येक शिक्का असा हाणला, की हेडमास्तर दाराशी येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ संपता संपता यंत्र शिट्ट्या मारू लागलं. सुलाची छाती यंत्राला जुमानेना. नळीत फेस आला, गुलाबी. मधाळे धावत आले. घशातल्या नळीतून त्यांनी फेस ओढून काढायला सुरुवात केली, काढला तसा तो पुन्हा आला. दोन दिवसांत उतरलेली सूज पापण्यांवर परत आली होती, हे मला तेव्हा दिसलं. मी रोज तिथं होतो आणि मला दिसलं नव्हतं.

मधाळेंनी सिस्टरला विचारलं, काय जास्त गेलं? सिस्टर शपथेवर सांगत होती, काही नाही. मग ते थांबले, त्यांनी नाकातल्या नळीला रिकामी सिरिंज लावली आणि मागे ओढली. दूध यायला हवं होतं. पातळ, गढूळ पाणी आलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. पाण्यात पांढरे मऊ तुकडे तरंगत होते.

शहाळ्यातली मलई.

सुलाला इंजेक्शनं दिली, यंत्राचा दाब वाढवला, फेस थोडा हटला. मग ते तीच भरलेली सिरिंज हातात धरून व्हरांड्यात आले. आमचे सगळे तिथंच होते. मधाळेंनी आवाज चढवला नाही. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"हे कुणी घातलं?"

गल्लीतल्या बायका पदराशी चाळा करत राहिल्या. एकट्या सासूबाईंचं काम नव्हतं ते. आल्यागेल्या प्रत्येकीनं आपापली सिरिंज सोडली होती, कुणी शहाळ्याची, कुणी तीर्थाची, एकीचं बघून दुसरीनं. मी औषधं आणायला खाली गेलो की पदराच्या आडोशानं हे चालायचं. शेवटी सासूबाईच पुढं झाल्या.

"मी घातलं. आईनं घालायचं न्हाय तर कुणी घालायचं? तुमी तर तिला वाळवून मारताय."

"तुमच्या पाण्यानं ती आत बुडालीय, आजी. आत बुडून मरत होती आत्ता."

"ए, नीट बोलायचं," अण्णा मध्ये आला. पाणी तोडून तोडून तिला या थराला आणली, आता नाव आमच्यावर घालता, असं तो म्हणाला. बाटली लावा म्हणाला. नाही लावत तर दुसरा डॉक्टर आणतो, आणि तुम्ही कुठून आलात तिथं तुम्हाला परत पाठवतो. त्यानं मारुतीरावांना फोन केला. ते कामासाठी बेळगावातच होते, लगेच आले.

मारुतीराव आल्यावर सगळं गोडीनं होऊ लागलं. त्यांनी अण्णाच्या पाठीवरून हात फिरवला. मधाळेंना बाजूला घेऊन सांगितलं, लोकांच्या समाधानासाठी एक बाटली लावून टाका, काय बिघडतं? आणि उद्यापासून ह्या पेशंटला दुसरे डॉक्टर बघतील. उगाच वाद नको. मधाळे सुलाकडं परत गेले.

मोठ्या सिस्टर जुन्या होत्या, त्यांनी असले प्रसंग पुष्कळ पाहिले होते. त्यांनी मला हळूच सुचवलं, स्टँड आत आणू या, बाटली लटकवू या, नळी हाताला चिकटपट्टीनं लावू या, आणि नळीची चिमटी बंद ठेवू या. एक थेंब आत जाणार नाही. घरच्यांना बाटली दिसेल. डॉक्टरांना तुम्ही विचारा.

मला ती युक्ती फार आवडली. त्यात अण्णाशी बोलावं लागणार नव्हतं. मी आत गेलो आणि मधाळेंना सांगितलं. ते सुलाच्या घशातली नळी साफ करत होते. माझं बोलणं संपेपर्यंत ते करत राहिले, मग नळी सिस्टरच्या हातात दिली आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"खोटी बाटली मी लावणार न्हाय."

"तिच्यासाठी म्हणतोय मी. गप बसतील ते."

"तुमचा भाऊ हॉटेलात काय बोलला ते मला कळलंय. हॉटेलातला पोरगा आमच्याच गल्लीतला हाय." आता ते शाळेतली भाषा बोलत नव्हते. "ऐका. माझी आई दिवसभर त्या वखारीत तंबाखू चाळायची. खकाणा घशात बसायचा. तहान लागली की दारात ओंजळ धरून उभं राहायचं, कुणीतरी वरनं ओतायचं. कवा ओतायचं ते त्यांच्या मर्जीवर. तहान काय असती ते मला कुणी सांगू नका. मी हिचं पाणी तोडलंय, आणि ते उघड तोडलंय. चोरून न्हाय. ज्या दिवशी मी बाटली टांगून नळी बंद ठेवीन, त्या दिवशी तुमच्या भावाचं बोलणं खरं झालं."



"आणि दुसरं," ते म्हणाले. "खोट्या बाटलीनं आज गप बसतील. उद्या भेटीला आल्यावर परत सिरिंज धरतील. आजच्यासारखं आणखी एकदा झालं तर ती न्हाय वाचणार. दारात कोण उभा राहणार ते ठरवा. मी रोज दारात उभा राहू शकत न्हाय. नवरा तुम्ही हाय."

मी बाहेर आलो. दार मागं ओढायचं राहून गेलं. अण्णा बाकावर बसला होता, मारुतीराव शेजारी. सासूबाईंच्या पायाशी पिशवी, तिच्यात अजून दोन शहाळी. मला आठवतं, मी आधी पिशवी उचलली. अण्णाला वाटलं, मी आत नेतोय.

"बाटली लागणार न्हाय," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. पाणी मी बंद केलंय सुलाचं. डॉक्टरांनी न्हाय, मी. जे काय बोलायचं ते मला बोल."

अण्णा उठला. तो माझ्याहून वीतभर उंच. "यमन्या," तो म्हणाला, "पुस्तकं वाचून बायकू मारणार व्हय रं तू?"

"मारली तर माझी मारीन. तू घरला जा."

मारुतीरावांनी हसून आमच्या मध्ये हात घातला. यमनाप्पा, तुमचा जीव जागेवर न्हाय, बसा, पाणी प्या. पाणी प्या, असं ते खरंच म्हणाले. आणि तेव्हा कुठं, हॉटेलातला तो राग, एक दिवस उशिरानं, माझ्या तोंडापर्यंत पोचला.

"मारुतीराव, बायाक्काला तुमच्या वखारीत पाणी कसं देत होता?"

ते हसायचे थांबले. व्हरांड्यात इतर पेशंटची माणसंही होती. त्यांतले काही निपाणीकडचे असावेत. त्यांनी माना वळवल्या.

"त्या वेळची रीत होती ती," मारुतीराव म्हणाले.

"मग ही ह्या वेळची. डॉक्टर मधाळे म्हणतील तेवढंच पाणी, म्हणतील तवाच. आणि सूड कोण घेतोय ते मला हॉटेलात बसून कुणी शिकवू नका. सुलाला पहिल्या बाटल्या चढवल्या त्या कुणी चढवल्या? अण्णानं. दोन चढवा, तरतरी येऊ दे. तरतरी बघायची हाय? या आत, फेस बघा."

माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. चिरका होता, बाईसारखा, असं अण्णा पुढं कित्येक वर्षं लोकांना नक्कल करून दाखवायचा. त्यानं माझ्या हातातली पिशवी ओढली. मी सोडली नाही. पिशवी फाटली आणि एक शहाळं पायऱ्यांवरून उड्या मारत खाली अंगणात गेलं. त्याच्याकडं सगळे बघत राहिले, मीही. मग अण्णानं चपला घातल्या. आजपासून तू मला मेलास म्हणाला, आणि गेला. त्याच्यामागं गल्ली गेली. मारुतीराव आत दवाखान्याच्या ऑफिसात गेले.

सासूबाई तेवढ्या राहिल्या. मी त्यांना आत सोडत नव्हतो. त्या फाटकाजवळ चिंचेखाली बसून राहायच्या, संध्याकाळी धर्मशाळेत जायच्या, सकाळी परत. मी जाता येता त्यांना सुलाची हकिगत सांगायचो. त्या तोंड फिरवून ऐकायच्या. मला त्यांची कीव येत नव्हती असं नाही. पण दार मी सोडलं नाही. शाळेतून रजा घेतली होती, स्टूल टाकून दारात बसायचो, आणि सुलाचा अंगठा वर झाला की आत जाऊन मान हलवून नाही म्हणायचो. पुस्तक हातात असायचं. एक पानही वाचून झालं नाही.

दुसरे डॉक्टर आले नाहीत. दुसरा डॉक्टर नको, असं मी नवरा म्हणून लिहून दिल्यावर ट्रस्टला ते करता येईना. त्याऐवजी त्यांनी दुसरं केलं. महिना संपला की मधाळेंची गरज नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही; मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, डोळे पुसत. ते ऐकून मी मधाळेंकडं गेलो आणि त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, आज फुप्फुसं बरी वाजतात, उद्या नळी काढून बघू. दुसरं काही नाही. ते रागावलेले होते, आणि रागातच सुलाच्या छातीचा आवाज ऐकत होते, एकेका फासळीजवळ थांबून.

नळी काढली ती सकाळ. सुला खोकली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग तिनं स्वतःच्या छातीनं एक श्वास घेतला. दुसरा घेतला. मधाळे तिचे श्वास मोजत उभे राहिले. मग त्यांनी छोट्या कपात थोडं पाणी ओतलं आणि चमचा घालून कप माझ्या हातात दिला. थोडं थोडं, ते म्हणाले.

मी चमचा भरला आणि तिच्या ओठांशी नेला. सुलानं तोंड फिरवलं.

"आई कुठाय?" आवाज नव्हताच, नुसती खरखर.

"बाहेर हाय. पाणी पी."

"तुमच्या हातनं न्हाय."

चमच्यातलं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. मला वाटलं, शुद्धीत नाही पुरती. पण ती माझ्याकडं पूर्ण शुद्धीत बघत होती.

"ऐकलंय मी," ती म्हणाली. "दार उघडं होतं. पाणी मी बंद केलंय म्हणालात तुमी."

मधाळे पुढं झाले. "बाई, पाणी मी बंद केलं होतं. ह्यांनी माझं नाव झाकलं."

तिनं त्यांच्याकडं बघितलं, श्वास गोळा केला. "तुमी डाक्टर हाय. ह्ये नवरा हायत."

मधाळेंनी मला खुणेनं सांगितलं, आईला घेऊन या. मी फाटकापाशी गेलो. सासूबाई धावत आल्या, वयाला न शोभेल अशा. त्यांनी माझ्याकडं न बघता कप घेतला, लेकीला चमचा चमचा पाजला, डोकं कुरवाळलं. कप संपल्यावर त्या म्हणाल्या, मी घातलेल्या शहाळ्याच्या पाण्यानं तारलं गं तुला, न्हायतर ह्यांनी ठेवली नव्हती. पुढं आमच्या गल्लीत तेच खरं मानलं गेलं, आणि आजही ती गोष्ट कुणी सांगतं तेव्हा शहाळ्याचीच सांगतं.

मी तोंड उघडलं. त्या क्षणी मी काय बोललो असतो कोण जाणे. मधाळेंनी माझ्या दंडाला धरलं.

कारण सुला आता माझ्यावर तोंड सोडत होती. खरखरीत, तुटक, दोन शब्दांनी थांबून. कापूस दाखवून काढून घेत होतात, म्हणाली. कसायालासुद्धा दया येती, म्हणाली. पुस्तक धरून दारात बसला होता, बेशरम. मधे तिला दम लागला, ती थांबली, छाती वर-खाली झाली. मी घाबरून पुढं झालो, गप राहा, त्रास होईल म्हणू लागलो.

"बोलू द्या त्यांना," मधाळे म्हणाले. त्यांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला होता आणि मान वाकवून ऐकत होते. "किती वेळ बोलता येतं ते बघायचंय मला."

सुलानं श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.